आधी सुईण, मग पाणी

पाण्यातल्या बाळंतपणाची एखादी चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की आपल्याकडे दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका तटाचं म्हणणं असं की बाळ नऊ महिने पाण्यातच वाढतं, तेव्हा त्याचा जन्मही पाण्यात होणंच स्वाभाविक. आपल्या पणज्या शेताच्या बांधावर बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी चुलीपुढे बसायच्या. डॉक्टरांनी पैशासाठी बाळंतपणाचा आजार करून टाकला. दुसरा तट म्हणतो, हे परदेशी खूळ आहे, पैसेवाल्यांचे चोचले आहेत, आणि बाळ गुदमरलं तर जबाबदार कोण? दोन्हीकडे आवाज चढतात, आणि कळा देणारी बाई, जिच्यावरून हे सगळं चाललंय, ती वादातून कधीच बाहेर पडलेली असते.

माझं मत आधीच सांगते. जिच्या गरोदरपणात काही गुंतागुंत नाही अशा बाईला पाण्यात कळा घेण्याची, आणि तिची इच्छा असेल तर पाण्यातच बाळंत होण्याची सोय मिळाली पाहिजे. पण ती दवाखान्याच्या आवारात, रीतसर शिकलेल्या मिडवाइफच्या, म्हणजे प्रशिक्षित सुईणीच्या, देखरेखीखाली, आणि हाकेच्या अंतरावर ऑपरेशन थिएटर असताना. या तीन अटींपैकी मधली अट आपल्याकडे जवळजवळ कुठेच पुरी होत नाही, आणि तिच्याविषयी कुणी बोलतही नाही. टबावर वाद घालायला आपल्याला फुरसत आहे. टबाशेजारी कोण बसणार, हे विचारायला नाही.

ते किती महत्त्वाचं आहे हे कळायला पाण्यातल्या बाळंतपणात नेमकं काय चालतं ते जवळून पाहायला हवं. पाणी छातीपर्यंत, साधारण शरीराइतकंच कोमट. मिडवाइफ थर्मामीटर बुडवून त्याची पुन्हा पुन्हा नोंद करते, कारण पाणी फार गरम झालं तर आईचं अंग तापतं आणि बाळाचे ठोके वाढतात. कळ ओसरली की पाण्यात चालणारं डॉप्लर यंत्र पोटाला लावून ती मिनिटभर ठोके ऐकते. आधी दर पंधरा मिनिटांनी, आणि जोर करायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. टबाच्या कडेला एक टॉर्च असतो, डोकं कुठवर आलं ते पाहायला लहानसा आरसा असतो, आणि एक साधी चाळणी असते, जोर करताना शी झाली तर ती लगेच उचलून टाकायला. ठोके मंदावले, पाणमोटीचं पाणी हिरवट दिसलं, रक्त जास्त जाऊ लागलं, आईला ताप भरला, की बाईला पाण्यातून बाहेर यावंच लागतं. बाळ बाहेर आलं की त्याला तत्काळ वर, आईच्या छातीशी घेतात आणि तोंड पुन्हा पाण्याखाली जाऊ देत नाहीत. तेही हलक्या हातानं, कारण नाळ आखूड असली तर ओढ बसून तुटते. बाळ पाण्यात नाकातोंडात पाणी का घेत नाही, तर त्याचा श्वास अजून सुरू झालेला नसतो, नाळेतून प्राणवायू येतच असतो, आणि चेहऱ्याला गार हवा लागेपर्यंत निरोगी बाळ श्वास घेण्याची घाई करत नाही. पण पोटात आधीच घुसमटलेलं बाळ पाण्यातच धाप टाकू शकतं. म्हणूनच ते दर पाच मिनिटांचे ठोके. या सगळ्यात टब म्हणजे प्लास्टिकचं एक भांडं. बाळंतपण सुरक्षित होतं ते त्या बाईजवळ तासन्‌तास बसून राहणाऱ्या, तिच्या श्वासावरून कळ ओळखणाऱ्या माणसामुळे.

वैद्यकशास्त्राचा या पद्धतीवरचा आक्षेप मात्र खुळचट नाही, आणि तो पूर्ण मांडल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. फ्रान्समधल्या पितिव्हिए गावच्या सरकारी दवाखान्यात मिशेल ओदाँ या सर्जननं कळा सोसणाऱ्या बायकांसाठी पाण्याची कुंडं ठेवली. पाण्यातल्या शंभर बाळंतपणांचा त्यांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८३ साली छापून आला. शंभर बाळंतपणांवरून काही सिद्ध होत नाही, ही टीका तेव्हा रास्तच होती. पुढची कित्येक वर्षं पुरावा तुटपुंजाच राहिला, कारण कळा देणाऱ्या बाईला चिठ्ठी काढून ‘तू पाण्यात जा, तू पलंगावर जा’ असं सांगणं अवघड असतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली भूमिका घेतली की सुरुवातीच्या कळा पाण्यात घ्यायला हरकत नाही, पण प्रत्यक्ष जन्म जमिनीवरच व्हावा, कारण पाण्यातल्या जन्माबद्दल पुरेशी माहिती नाही. झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात पंधरा चाचण्यांमधल्या ३,६६३ बायकांची माहिती एकत्र केली गेली. पाण्यात कळा घेणाऱ्यांना वेदना बधिर करणारं कमरेतलं इंजेक्शन थोडं कमी लागलं आणि आईला किंवा बाळाला जास्त धोका झाल्याचं दिसलं नाही, इतकंच त्यातून निघालं. मोठं उत्तर आलं २०२४ मध्ये. ब्रिटनमधल्या २६ सरकारी आरोग्यसंस्थांच्या ‘पूल’ अभ्यासात कळांदरम्यान पाण्याचा वापर केलेल्या ८७,०४० बायकांच्या नोंदी होत्या. त्यांतल्या जोखीम नसलेल्या बायकांमध्ये, पाण्यातच बाळंत झालेल्या आणि जन्माआधी पाण्याबाहेर आलेल्या अशा दोन गटांची तुलना झाली. बाळांचे मृत्यू, आजारपण, आईला झालेल्या मोठ्या जखमा, यांत पाण्यातला जन्म मागे पडला नाही. नाळ तुटण्याचा प्रकार तेवढा पाण्यात जास्त आढळला.

पाण्याच्या बाजूचे लोक हा अभ्यास आता झेंड्यासारखा मिरवतील. तो नीट वाचायला हवा. ज्या देशात जोखीम नसलेल्या गरोदर बाईची पहिल्या तपासणीपासूनची काळजी मिडवाइफ घेते, डॉक्टर गरज पडली तरच येतो, जिथे संसदेच्या आरोग्य समितीनं १९९२ मध्येच शक्य तिथे प्रत्येक प्रसूतिगृहात पाण्याचा पर्याय असावा असं सुचवलं होतं, तिथला हा निष्कर्ष आहे. इंग्लंडमध्ये संसार थाटलेल्या आपल्या मुलींना ही व्यवस्था सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्या निष्कर्षातलं पाणी उचलून आणायचं आणि मिडवाइफ तिथेच ठेवायची, हे चालणार नाही. शहरातल्या एखाद्या दवाखान्यात पॅकेज म्हणून टब मिळेलही. पण रात्री दोन वाजता तिथे दर पाच मिनिटांनी ठोके कोण ऐकणार आहे?

‘निसर्ग’ या मुद्द्यावर तर मला आपल्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापणाऱ्या पणजीची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, कारण ती गोष्ट सांगायला ती पणजी जगली. न जगलेल्यांच्या गोष्टी सांगायला कोण उरलं? चौदाव्या वर्षी बाळंत झालेल्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं. ते दुःख उरात घेऊन ती मुलगी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवीसाठी तिनं प्रबंधाचा विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. बाळंतपण निसर्गावर सोडून भागत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपूरला एका शिकलेल्या कुटुंबानं मोबाइलवरच्या चित्रफिती बघून घरी बाळंतपण केलं, आणि ती तरुण आई रक्तस्रावानं गेली. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर काही मिनिटांत काय होतं, हे ज्यानं पाहिलंय तो ‘शरीराला सगळं कळतं’ असं कधी म्हणणार नाही. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायका रक्तक्षयी आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५२ टक्के होता. अशा बाईला थोडाही रक्तस्राव सोसत नाही. तिचं बाळंतपण डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं, आणि पाण्याचा हट्ट तिच्यासाठी धरू नये. देशातला माता-मृत्यूदर २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हे यश दवाखान्याचं, रक्तपेढीचं, १०८ च्या गाडीचं आणि रात्रीबेरात्री बाईला घेऊन निघणाऱ्या आशाताईंचं आहे. त्यावर पाणी ओतणारा कुठलाही ‘निसर्ग’ मला नको.

यापेक्षाही जड आक्षेप इंग्लंडमधूनच आलेला आहे. मोरकॅम बे इथल्या दवाखान्यात अकरा बाळं आणि एक आई वाचू शकली असती, असा चौकशी अहवाल २०१५ मध्ये आला. तिथल्या काही मिडवाइफ काहीही करून बाळंतपण नॉर्मलच व्हायला हवं या हट्टाला पेटल्या होत्या, डॉक्टरांना बोलवायला उशीर करत होत्या. २०२२ मध्ये श्रूसबरी इथल्या दवाखान्यांचा अहवाल आला, तो याहून भयंकर. चांगली काळजी मिळती तर २०१ बाळं आणि नऊ माता कदाचित जगल्या असत्या, असं त्यात म्हटलंय. सिझरचं प्रमाण कमी असल्याचा तिथे अभिमान बाळगला जात होता. ज्यांना मिडवाइफ हवी आहे त्यांनी हे अहवाल लपवू नयेत. ‘नॉर्मल’ हे एकदा ध्येय झालं की बाई आणि बाळ त्याच्यापुढे दुय्यम होतात, हे तिथे जिवानिशी सिद्ध झालं आहे.

पण त्या अहवालांतून निघणारा धडा ‘मिडवाइफ नको’ असा आहे का? दोन्ही ठिकाणी मोडलं होतं ते मिडवाइफ आणि डॉक्टर यांच्यातलं नातं. बाळाच्या ठोक्यांचा अर्थ चुकीचा लावणं, वरिष्ठांनी वेळेवर न येणं, चूक झाकणं, आईबापांचं ऐकून न घेणं, यांत डॉक्टरही होते आणि व्यवस्थापकही. इंग्लंडनं त्यावर उपाय म्हणून मिडवाइफ काढून टाकल्या नाहीत. सिझरच्या टक्केवारीचं लक्ष्य काढून टाकलं. आणि हट्टीपणाचा रोग काही एकाच जमातीला होत नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक दवाखान्यात १८४० च्या दशकात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा बायका सूतिकाज्वरानं दगावल्या, दुसऱ्या विभागात तीनसुद्धा नाहीत. बायका पाया पडून सांगायच्या, आम्हाला सुईणींकडे घाला. तिथल्याच सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला कारण सापडलं ते असं की डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. त्यानं १८४७ मध्ये हात धुवायला लावले आणि मृत्यू कोसळले. यात सुईणी काही जास्त हुशार होत्या असं नाही. त्या प्रेतं फाडत नव्हत्या, एवढंच. पण हस्तक्षेपाचाही एक धोका असतो, आणि तो करणाऱ्याला स्वतःला तो शेवटपर्यंत दिसत नाही, हे व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सेमेलवाइसला ज्या तऱ्हेनं धुडकावलं त्यावरून कळतं.

आज आपल्याकडे तो न दिसणारा धोका कुठे आहे? त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के, तेलंगणाचा तर ६०.७. सिझर हे जीव वाचवणारं ऑपरेशन आहे, गरजेचं असताना ते न मिळणं हा अन्याय आहे, आणि मेळघाटातल्या बाईला तो आजही सोसावा लागतो. पण रस्त्याच्या एका बाजूच्या दवाखान्यात सातातली एक बाई आणि दुसऱ्या बाजूच्या दवाखान्यात जवळजवळ दोनातली एक, हा फरक बायकांच्या हाडामासातला असू शकतो का? त्याचा दोष मी केवळ डॉक्टरांच्या लोभाला देणार नाही. एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सकाळची ओपीडी आहे, दुपारी ऑपरेशनं आहेत, आणि पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की गर्भाशयाचं तोंड ताशी एक सेंटिमीटरनं उघडलंच पाहिजे हा जुना नियम सरसकट लावू नका. आई-बाळ ठीक असेल तर थांबा. पण थांबणार कोण? थांबण्याचा पगार कुणालाच मिळत नाही. बाहेर नातेवाईक ‘काय झालं, काय झालं’ करत उभे, आत डॉक्टरला कोर्टाची आणि तोडफोडीची भीती, आणि बाईजवळ सतत बसेल असं कुणी नाही. मग सिझर हाच सगळ्यांच्या सोयीचा मार्ग ठरतो.

थांबणं हे ज्याचं काम आहे असा व्यवसाय जगात आहे, आणि तोच आपण उभा केला नाही. स्वीडन १७५१ मध्ये श्रीमंत देश नव्हता. त्या वर्षी तिथल्या संसदेपुढे अहवाल गेला की बाळंतपणात गेलेल्या ६५१ बायकांपैकी निदान चारशे पुरेशा शिकलेल्या सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. त्यांनी गावोगाव शिकलेल्या सुईणी पाठवायला सुरुवात केली, डॉक्टरांना त्यांच्याशी जोडून दिलं, आणि पुढच्या दीडशे वर्षांत, प्रतिजैविकं आणि रक्तपेढ्या यांच्या कितीतरी आधी, मातांचे मृत्यू लाखामागे सुमारे नऊशेवरून सव्वादोनशेच्या घरात आणले. आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. बाईच्या अंगणात राहणारी, तिची भाषा बोलणारी, नेमकं शिकलेली आणि कुणाला कधी बोलवायचं ते जाणणारी दुसरी बाई काय करू शकते, याचा महाराष्ट्रातलाच हा दाखला आहे.

आता ‘चोचले’ या शब्दाकडे येते, कारण त्याचा मला खरोखर राग येतो. जिथे उन्हाळ्यात दवाखान्याला टँकर लागतो तिथे पाण्याचे टब कसले मागता, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि मला मान्य आहे. टब भरायला शेकडो लिटर स्वच्छ, कोमट पाणी लागतं. तो प्रत्येक वेळी घासून जंतुनाशकानं धुवावा लागतो, गरम पाणी साठवून ठेवलं तर त्यात जंतू वाढतात. इंग्लंडमध्ये २०१४ साली आधीच भरून तापवत ठेवलेल्या टबातून एका बाळाला लेजिओनेला या जंतूची लागण झाली, तेव्हा तसले टब वापरू नका असं सरकारला सांगावं लागलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या टब बसवा, असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या लेबर रूममध्ये आज काय आहे ते बघा. लोखंडी टेबल, पाय अडकवायच्या पट्ट्या, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई, मध्ये पडदा असेल तर असेल. नवरा बाहेर, आई बाहेर. २०१६ मध्ये केंद्रानं सांगितलंय की कळांच्या वेळी जवळची एक बाई सोबत असू द्या, तरी दारावर अडवणारे अडवतातच. सलाइनमधून कळा वाढवायचं औषध, पोटावर कोपरानं दाब, ‘तेव्हा गोड वाटलं, आता का ओरडतेस’ हे वाक्य, मांडीवर थापड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वयाच्या दहा बायकांत बसून विचारा, यातलं काहीतरी ऐकू येईलच. या बाईला हिंडूफिरू देणं, उकिडवं बसू देणं, कमरेवर कोमट पाण्याची धार सोडणं, तिची पाठ चोळायला कुणी असणं, याला खर्च किती? हे चोचले असतील तर मग माणुसकीची पातळी आपण कुठे ठेवली आहे? पाण्याचा टब या मागण्यांच्या रांगेत शेवटी उभा आहे हे मला मान्य आहे. रांगेतून त्याला हाकलून द्यायचं कारण मात्र मला दिसत नाही.

आणि शासनाला हे ठाऊक नाही असंही नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्यांना दीड वर्षाचं वेगळं प्रशिक्षण, आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत मिडवाइफच्या अखत्यारीतली प्रसूती केंद्रं, असा त्यात आराखडा आहे. तेलंगणानं त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या मदतीनं सरकारी नर्सना मिडवाइफ म्हणून घडवायला सुरुवात केली. तरीही मघाशी सांगितलेल्या पाहणीत तिथलं सिझरचं प्रमाण देशात सर्वांत जास्त होतं. थोड्या मिडवाइफ एकटीनं हा प्रवाह फिरवू शकत नाहीत, त्यात खासगी दवाखाने आहेत, मुहूर्त बघून पोट उघडायला सांगणारी घरं आहेत. पण ज्या राज्याला आपली दुखरी नस सापडली त्यानं उपायाची सुरुवात कुठून केली, ते बघण्यासारखं आहे. २०२३ च्या नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाच्या कायद्यानं मिडवाइफरीला नावासकट कायद्यात जागाही मिळाली आहे.

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरुवात करता येईल. थिएटर तिथे आहे, रक्तपेढी आहे, चोवीस तास डॉक्टर आहेत. त्यांच्याच मजल्यावर मिडवाइफच्या ताब्यातल्या चार खोल्या द्या, एका खोलीत पाण्याची सोय करा, आणि कुणाला तिथे घ्यायचं, कुणाला नाही, कोणत्या क्षणी डॉक्टरला बोलवायचं, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मिडवाइफच्या जागा कायम भरा. अठरा महिने शिकवलेल्या बाईला लसीकरणाच्या मोहिमेवर किंवा ऑपरेशन थिएटरच्या ड्यूटीवर पाठवू नका. सिझर किती, नॉर्मल किती, बाळंतिणीच्या मोठ्या जखमा किती, किती बायकांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं आणि का, हे आकडे दर महिन्याला दवाखान्याच्या दारावर लावा, खासगी दवाखान्यांनाही लावायला सांगा. मुंबईतल्या एका आईनं २०१७ मध्ये सिझरच्या आकड्यांपुरती हीच मागणी ऑनलाइन अर्जातून केली होती आणि हजारो बायकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. त्या सह्यांना अजून पुरतं उत्तर द्यायचं बाकी आहे.